गलाईवाल्याचं निळं पाणी

जयपूरच्या जौहरी बाजारामागच्या एका गल्लीत एक गलाईवाला राहत होता. मूळचा सांगली जिल्ह्यातल्या विट्याजवळचा. दुष्काळानं खानापूर-आटपाडीची माणसं गाव सोडून देशभर पांगली आणि जिथं जिथं सोनार होते, तिथं तिथं त्यांनी सोनं-चांदी गाळायच्या भट्ट्या मांडल्या. त्यांतलाच हा एक. दुकान चार हातांचं, पण वजनात गुंजभर इकडचं तिकडं होणार नाही अशी त्याची ख्याती. बाजारातले लोक त्याला शेठ म्हणत.

त्यानं गावाकडून आपल्या भाच्याला कामाला आणलं होतं. पोरगा चलाख होता. गलाईची रीत त्यानं चटकन उचलली. जुना दागिना आला की टाकणखार घालून तो मुशीत वितळवायचा. त्यात तिप्पट चांदी मिसळायची. तो रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करायचे आणि ते दाणे तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात उकळायचे. तांबूस धूर नळीतून वर जातो, चांदी विरघळते आणि तळाशी विटकरी भुकटी उरते. ते शुद्ध सोनं. धुऊन, वाळवून पुन्हा वितळवलं की पिवळीधमक लगड तयार. मग त्याच तेजाबात तांब्याच्या पट्ट्या सोडायच्या. चांदी राखाडी गाळ होऊन खाली बसते. सोनं गिऱ्हाइकाकडं जातं, चांदी डब्यात जाते आणि मागं उरतं निळंशार पाणी.

या निळ्या पाण्यावरून मामा-भाच्याचं जमेना. मामा ते कॅनमध्ये भरून मागच्या खोलीत ठेवायचा. सवड मिळाली की त्यात लोखंडाचे तुकडे टाकायचा, म्हणजे पाण्यातलं तांबं लोखंडावर चढायचं. मग तेजाब पुरतं मरेपर्यंत चुना घालायचा. खाली बसलेला गाळ पोत्यात भरायचा आणि असला कचरा नेण्याचा परवाना असलेल्या माणसाला पैसे देऊन सोपवायचा. गल्लीतले काहीजण हसायचे. त्यांचं पाणी रातोरात मोरीत जायचं.

“मामा, सोनं काढलं, चांदी काढली. आता ह्या पाण्यात काय हाय म्हून जपायचं?” पोरगा विचारायचा.

“आपलं काम संपलंय. त्याचं न्हाई संपल्यालं,” एवढंच मामा म्हणायचा.

लगीनसराईचे दिवस होते. एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या जुन्या पाटल्या घेऊन आले. नातीच्या लग्नासाठी त्यांना लगड करून हवी होती. बोलणं मराठी निघालं तेव्हा मामानं चहा मागवला. काका मूळचे पालघरकडचे. सारी नोकरी रावतभाट्याच्या अणुवीज केंद्रात झालेली आणि आता मुलाकडं जयपूरला राहायला आलेले. गलाईला आलेला माणूस सोनं नजरेआड करत नाही. काकाही भट्टीसमोर स्टूल टाकून बसले. दाणे तेजाबात उकळत होते, तेवढ्यात मामा पलीकडच्या सराफाकडं हिशेबाला गेला.

मागच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. पोरानं संधी साधली. एक कॅन उचलला आणि मोरीकडं निघाला.

“काय रे ते?” काकांनी विचारलं.

“काय न्हाई काका. वापरून झाल्यालं पाणी.”

“वापरून झालेलं?” काका हसले. “अरे, वापरून झालेल्या जिनसांची राखण करण्यातच माझी अर्धी नोकरी गेली. ठेव तो कॅन खाली आणि बस इथं. पाणी काही पळून जात नाही.”

पोरगा बसला.

“आमचं केंद्र कोट्याच्या पलीकडं, चंबळेवर राणा प्रताप सागराच्या काठी. पहिली अणुभट्टी 1972 साली पेटली, कॅनडाच्या मदतीनं. 1974 साली पोखरणला अणुस्फोट झाला आणि कॅनडानं हात काढून घेतला. दुसरी भट्टी आपल्याच लोकांनी पुरी केली. 1981 पासून ती रीतसर वीज देऊ लागली. मी कामाला लागलो तो याच काळात.”

“भट्टी म्हंजे आमच्यासारखीच? सरपण घालायचं?”

“सरपण आहे, पण त्याला जाळ नाही. युरेनियमच्या बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या धातूच्या नळीत भरतात. अशा 19 नळ्यांची एक जुडी. लांबी अर्धा मीटर, वजन 16 किलोच्या आसपास. एका भट्टीत 306 नाल्या, प्रत्येक नालीत 12 जुड्या. नवी जुडी आम्ही हातमोजे घालून हातात धरायचो. काही होत नाही. भट्टीत ती वर्ष-दीड वर्ष राहते. बाहेर काढली की तीच जुडी इतकी दाहक झालेली असते, की तिच्याजवळ कोणी उघड्यानं मिनिटभर उभं राहिलं तरी जिवावर बेतेल. तिला हात लावतं ते यंत्र. माणूस भिंतीआड.”

पोरगा बुचकळ्यात पडला. “उलटंच की हे काका! लाकूड जळलं की राख निवते. तुमचं जळाल्यावर पेटतं व्हय?”

“बरोबर पकडलंस. युरेनियम स्वतः संथ आहे. त्याचा निम्मा भाग बदलायला 450 कोटी वर्षं लागतात, म्हणून त्यातून किरण बाहेर पडतात ते फार हळू. भट्टीत न्यूट्रॉनचा मार बसला की त्याच्या अणूचं केंद्र फुटतं आणि दोन तुकडे होतात. त्यातून उष्णता निघते, तिची वीज होते. पण ते दोन तुकडे धड नसतात. त्यांच्या आकाराला पेलतील त्यापेक्षा जास्त न्यूट्रॉन त्यांच्या पोटात असतात. मग ते किरण फेकत फेकत सावरत जातात. कोणी सेकंदात सावरतो, कोणी दिवसांत, कोणी कित्येक वर्षांत. वापरलेलं इंधन किरण फेकतं ते यामुळे. वीज काढायचं आपलं काम संपलं, त्या तुकड्यांचं सावरणं संपलं नाही.”

मामाचंच वाक्य दुसऱ्या तोंडून ऐकून पोरगा जरा गप्प झाला. मग म्हणाला, “पण भट्टी बंद केली की थंड हुईल की.”

“तिथंच लोक फसतात. भट्टी बंद केली त्या क्षणीसुद्धा इंधनात पूर्ण ताकदीच्या सहा-सात टक्के उष्णता निघतच असते. एका दिवसानं ती अर्ध्या टक्क्यावर येते. ऐकायला थोडी वाटते, पण एवढ्या मोठ्या भट्टीचा अर्धा टक्का म्हणजे थट्टा नव्हे. 2011 साली जपानमध्ये फुकुशिमाला काय झालं? भूकंप झाल्या झाल्या चालू भट्ट्या बंद पडल्या होत्या. पण त्सुनामीच्या पाण्यानं गार करणाऱ्या पंपांची वीज गेली आणि तीन भट्ट्यांतलं इंधन आपल्याच उष्णतेनं वितळलं.”

“मग तुमी ते ठेवता कुठं?”

“आधी पाण्यात. खोल टाकी असते, तिच्या तळाशी जुड्या रचतात आणि वर कित्येक मीटर पाणी ठेवतात. पाणी दोन कामं करतं. उष्णता नेतं आणि किरण अडवतं. वर कठड्याशी माणूस खुशाल उभा राहतो. पाण्यात वर्षानुवर्षं निवल्यावर जाड काँक्रीटच्या पिंपात कोरडं ठेवता येतं. पाणी राखायचं, पंप राखायचे, पिंपं तपासायची, नोंदी करायच्या. वीज एका क्षणात विकली जाते. राखण मात्र चालूच राहते.”

“किती दिस?”

काकांनी बोटं मोजली. “त्यात नाना जाती आहेत. एक आयोडीन असतं, दर आठ दिवसांनी निम्मं होतं. गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं, पण दोन-तीन महिन्यांत जवळजवळ संपतं. मग सिझियम आणि स्ट्रॉन्शियम. ही सुमारे तीस वर्षांनी निम्मी होतात. सिझियम अंगात सगळीकडं पसरतं. स्ट्रॉन्शियम कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून हाडात जाऊन बसतं. आणि तिसरं प्लुटोनियम. ते निम्मं व्हायला 24,000 वर्षं. त्याचे किरण कागदानंही अडतात, पण धूळ होऊन छातीत गेलं तर घात करतं.”

“तीस वर्षांत निम्मं म्हंजे साठ वर्षांत खलास?”

“नाही रे. साठ वर्षांत पाव उरतं, नव्वदला अर्धा पाव. असं दहा वेळा निम्मं झालं की हजारावा भाग उरतो. म्हणजे 300 वर्षं. हे जयपूर सवाई जयसिंहांनी वसवलं 1727 साली. त्या मुहूर्तावर कोणी कोपऱ्यात सिझियमची कुपी पुरली असती, तर ती आज कुठं हजारात एक भाग उरण्याइतकी निवत आली असती. शेजारी प्लुटोनियम पुरलं असतं, तर त्यातलं आजवर शंभरात एकसुद्धा कमी झालं नसतं. या तीनशे वर्षांत इथं किती राजे झाले, इंग्रज आले, गेले, संस्थान गेलं, राज्य आलं. तेवढा काळ कोणीतरी त्या कुपीवर नजर ठेवायला हवी होती.”

एवढ्यात मामा परत आला. भाच्याच्या पायाशी कॅन आणि पुढ्यात काका, यावरून काय घडलं असेल ते त्यानं ओळखलं, पण तो काही बोलला नाही. भट्टीशी बसून ऐकू लागला.

“काका,” पोरगा म्हणाला, “त्यात तेजाब वतायचं. समदं विरघळून टाकायचं.”

“ओततातच!” काका म्हणाले. “मुंबईला तुर्भ्याला 1964 सालापासून हे काम होतं, पुढं तारापूर आणि कल्पाक्कमलाही कारखाने झाले. वापरलेलं इंधन कापून नायट्रिक आम्लात विरघळवतात. तुमचं तेजाब तेच. मग त्यातून युरेनियम आणि प्लुटोनियम वेगळं काढतात, कारण ते पुन्हा कामाला येतं. रावतभाट्यासारख्या भट्टीच्या वापरलेल्या इंधनात युरेनियमच शंभरात नव्याण्णवच्या आसपास उरलेलं असतं. फुटक्या अणूंचे तुकडे हजार भागांत सातएक भाग.”

मामानं मान वर केली. “म्हंजे तुमी बी गलाईवालेच की!”

“हो शेठ, तसंच म्हणा. आणि मागं तुमच्यासारखंच पाणी उरतं. हजारातले ते सात भाग त्याच पाण्यात असतात. थोडं, पण सगळ्यांत जहाल.”

“त्याला चुना घालून मारता येत न्हाई?”

“नाही. तेजाब मरतं, कारण चुना आणि तेजाब यांचा व्यवहार अणूच्या बाहेरच्या अंगाला होतो. हे किरण निघतात अणूच्या गाभ्यातून. तिथवर चुना पोचत नाही, आग पोचत नाही, बर्फ पोचत नाही. सिझियम विरघळवा, जाळा, गोठवा. त्याचं घड्याळ आपल्याच चालीनं चालतं.”

मामा थोडा वेळ गप्प राहिला. मग भाच्याकडं वळून म्हणाला, “ऐक पोरा. तेजाबाला चुना हाय. त्याला चुना न्हाई. त्याला फकस्त येळ.”

“आणि तेवढा वेळ त्याला धरून ठेवणारं भांडं,” काकांनी जोड दिली. “म्हणून त्या पाण्याची काच करतात. वाळू, तुमचा टाकणखार ज्याचा असतो ते बोरॉन आणि आणखी काही घालून सारं एकत्र वितळवतात. जहाल भाग काचेच्या अंगातच मुरतो. पाण्यासारखा सांडत नाही, पोत्यातल्या पुडीसारखा उडत नाही, सहज विरघळतही नाही. ती काच पोलादाच्या डब्यात ओतून डबे बंद करतात आणि वारा खेळेल अशा जाड भिंतींच्या कोठारात ठेवतात. तारापूरला असं कोठार आहे. काही देश काच न करता इंधनच पुरणार आहेत. फिनलंडनं त्यासाठी ओन्कालो नावाचं भुयार खणलं. तिथं चारशे मीटरहून खोल, जुन्या खडकात, तांब्याच्या नळकांड्यांत इंधन ठेवून भोवती फुगणारी माती ठासायची अशी योजना आहे.”

“येवढा खटाटोप!” पोरगा म्हणाला. “कुणी बघत नसलं तर?”

काकांचा आवाज बदलला. “कोणी बघत नाही, तेव्हाच होतं ते. ब्राझीलमध्ये गोयानिया शहरात कर्करोगावर किरणोपचार करणारी एक संस्था दुसरीकडं गेली आणि एक यंत्र जुन्या इमारतीत तसंच पडून राहिलं. त्यात होतं सिझियम. तेच, अणू फुटल्यावर मिळणारं. 1987 साली भंगार वेचणाऱ्या दोघांनी ते यंत्र फोडलं. आतली कुपी भंगारवाल्याकडं गेली. अंधारात तिच्यातली भुकटी निळी चमकत होती. लोकांना अप्रूप वाटलं. घरोघर चिमूट चिमूट वाटली, कोणी अंगाला लावली. चारजण मेले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी. लाखावर माणसांची तपासणी करावी लागली. आपल्याकडं 2010 साली दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात असंच एक जुनं प्रयोगशाळेतलं यंत्र आलं. त्यात कोबाल्ट होतं. एक माणूस गेला. या कुठल्याच माणसाचा गुन्हा नव्हता. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की आत काय आहे.”

मामानं सोन्याची भुकटी धुवायला घेतली. धुता धुता विचारलं, “मग काका, असली भट्टी पेटवायचीच कशाला?”

काका म्हणाले, “प्रश्न रास्त आहे. वीज लागते. कोळशाच्या धुरानंही माणसं मरतात, आणि तो धूर तर कोणी डब्यात भरून ठेवत नाही. आमचा कचरा निदान मोजता येतो, धरून ठेवता येतो. हाच त्याचा गुण. पण तो गुण राखणदार जागा असेपर्यंतच. वीज वापरली ती माझी पिढी. राखायला लागतील त्या पिढ्या अजून जन्मल्यासुद्धा नाहीत. त्यांनी माझ्याकडून एक युनिट घेतलेलं नाही. म्हणून भट्टी पेटवतानाच राखणीचा खर्च काढून ठेवायचा. भांडं असं करायचं की राखणदार डुलकी घेईल तरी फुटू नये. आणि आत काय आहे ते असं लिहायचं की अनोळखी माणसालाही कळावं. हे जमत नसेल, तर भट्टी पेटवू नये.”

लगड तयार झाली. काकांनी वजन पाहिलं, मजुरी दिली आणि लगड खिशात घालून निघाले. पोरानं तो कॅन उचलला आणि मागच्या खोलीत नेऊन ठेवला. मामा काहीच बोलला नाही. संध्याकाळी पोरानं रंगाचा डबा आणला आणि प्रत्येक कॅनवर मराठीत आणि हिंदीत लिहिलं: आत काय आहे, कधी भरलं, कशानं मरतं. वाचता न येणाऱ्यासाठी वर कवटीचं चित्र काढलं. रविवारी चुन्याचं पोतं आणून तो स्वतःच कामाला बसला.

काही महिन्यांनी एक गिऱ्हाईक आलं. मामा जेवायला गेला होता. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं: पलीकडच्या गल्लीतला गलाईवाला तोळ्यामागं कमी मजुरी घेतो, तुमचीच का जास्त? पोरानं त्याला आत नेलं. रांगेनं ठेवलेले कॅन दाखवले, चुन्याचं पोतं दाखवलं, गाळाच्या पोत्यांच्या पावत्यांची वही दाखवली आणि सांगितलं, “त्याच्या मजुरीत ह्याचे पैसे धरलेले नाहीत. ते पैसे शहर देतं, विहिरी देतात, कुणाची तरी लेकरं देतात. आमच्याकडं ज्याचं सोनं तोच देतो.”

गिऱ्हाईक ऐकून निघून गेलं आणि पलीकडच्या गल्लीत वळलं. मामा आल्यावर पोरानं हकीकत सांगितली. मामा म्हणाला, “जाऊ दे. मजुरी कमी करायची न्हाई.”

तात्पर्य: वस्तूचा उपयोग संपला म्हणून तिचा धोका संपत नाही. ज्यानं लाभ घेतला, त्यानंच तिच्या राखणीचा खर्च आधी मोजावा, आणि काय ठेवलं, कुठं ठेवलं हे पुढच्याला कळेल असं लिहून ठेवावं.